लिंबू फुटलं नाही

गुणाजी घाडीगावकरांना राग आला की ते आरडाओरडा करत नाहीत, कानस घेऊन लाकूड-लोखंड घासायला बसतात. ठाकुर्लीतल्या त्यांच्या इमारतीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. राग किरकोळ असला तर कानस दहा मिनिटं चालते. वॉचमन पाणी सोडायला विसरला तर अर्धा तास. त्या रविवारी मात्र दुपारी चारला जी सुरू झाली ती दिवेलागणीला थांबली आणि सोमवारी सकाळी चहाच्या आधी परत सुरू झाली. शेवटी खालच्या मजल्यावरच्या शालूवहिनी विचारायला वर आल्या.

"काय झालं हो? सगळे बरे आहेत ना?"

विमलाबाईंनी दार थोडं ओढून घेतलं आणि हळूच सांगितलं, "ह्यांचं विमान मोडलं."

नुसतं मोडलं असतं तर कानस एवढी चालली नसती. मोडलेली वस्तू गुणाजींना नवी नाही. चौतीस वर्षं त्यांनी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटरचं काम केलं, म्हणजे मोडलेल्या वस्तूंच्या संगतीतच त्यांचं आयुष्य गेलं. पण तिथे एक शिस्त होती. काम नापास झालं तर तपासनीस त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा, आणि देण्याआधी सांगायचा की कुठे चुकलं, किती चुकलं, मापाने दाखवायचा. गुणाजींच्या कामावर चौतीस वर्षांत दोनदा ठिपका पडला. दोन्ही वेळा चूक त्यांची होती आणि दोन्ही वेळा त्यांनी ती खाली मान घालून मान्य केली. तिसरा ठिपका पडला तो आता, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, आणि तोही न केलेल्या चुकीसाठी. माणसाने कानस घासू नये तर काय करावं?

हा विमानांचा नाद त्यांना निवृत्तीनंतर लागला. ठाण्या-डोंबिवलीतल्या हौशी लोकांचा एक क्लब आहे. रिमोटवर उडणारी छोटी विमानं हे लोक दर रविवारी कल्याणच्या पलीकडे भाड्याने घेतलेल्या एका माळावर उडवतात. पाच वर्षांपूर्वी गुणाजी असेच बघायला गेलेले. एका साहेबांचं विमान उतरताना आपटलं, चाकं पोटातून उपटून बाजूला पडली आणि साहेब म्हणाले, फेकून द्या आता. गुणाजींना ते ऐकवलं नाही. त्यांनी ते विमान पिशवीत घालून घरी नेलं आणि पुढच्या रविवारी असं परत आणलं की साहेबांना जोड कुठे आहे तेच सापडेना.

झालं. तेव्हापासून ते सगळ्यांचे 'काका' झाले. डॉक्टर, आयटीवाले, बँकवाले, ज्याचं मोडेल त्याने काकांकडे द्यावं. "काका, एवढं चाक बघा ना," म्हणायचं आणि परत न्यायला येताना एक बिस्किटाचा पुडा आणायचा. पाच वर्षांत या माणसाने दीडशेच्या वर विमानं आपल्या पायांवर उभी केली असतील. पण रिमोट त्याच्या हातात कधी कुणी दिला? उडवणारा सभासद व्हायचं तर परीक्षा द्यावी लागते, तीन वेळा उडवून तीन वेळा धड उतरवायचं. गुणाजींची परीक्षा दोन वर्षं 'पुढच्या रविवारी' होती. मोडतोड काकांची आणि आकाश बाकीच्यांचं, अशी ती वाटणी होती. ती कुणी मुद्दाम केली नव्हती, म्हणूनच ती जास्त चीड आणणारी होती.

शेवटी गुणाजींनी स्वतःचं विमान बांधलं. बाल्सा नावाचं एक हलकं लाकूड असतं, नखाने दाबलं तरी खळगा पडेल इतकं मऊ. त्याच्या पट्ट्या कापून, घासून, चिकटवून दोन वर्षं ते बांधत होते. पंख साडेपाच फूट, वजन सव्वादोन किलो. रंग विमलाबाईंनी निवडला, हळदीसारखा पिवळा. सेक्रेटरी रत्नदीप म्हणाला, "काका, दसऱ्यानंतरच्या रविवारी आपल्या नव्या धावपट्टीचं उद्घाटन आहे. तुमच्याच विमानाची पूजा करू, पहिलं उड्डाण तेच, आणि तुमची टेस्टपण तेव्हाच उरकून टाकू."

हा रत्नदीप घोडबंदर रोडला राहतो, कसल्याशा कंपनीत मॅनेजर आहे, चाळिशीचा. माणूस वाईट नाही, असं गुणाजीसुद्धा म्हणायचे. त्या रविवारपर्यंत म्हणायचे.

पूजेचं ताट विमलाबाईंनी घरून नेलेलं. हळद, कुंकू, नारळ, झेंडूचा हार, आणि एक लिंबू. भाच्याने रिक्षा घेतली तेव्हा ताटात हेच होतं, पुतण्याने मोटरसायकल घेतली तेव्हाही हेच. नवं वाहन म्हटलं की चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि गाडी पुढे नेऊन ते फोडायचं, हे इतकं हाताच्या सवयीचं की विमलाबाईंनी विचारही केला नाही. प्रमुख पाहुणे म्हणून एक बिल्डर आलेले. धावपट्टीच्या खर्चाचा मोठा वाटा त्यांचा, त्यामुळे त्यांच्या शब्दाला मान. त्यांनी ताटातलं लिंबू उचललं आणि म्हणाले, "अरे वा! हे तर झालंच पाहिजे."

लिंबू उजव्या चाकाखाली ठेवलं. विमान पुढे ढकललं. सव्वादोन किलोचं विमान ते, लिंबावर चढलं आणि तिथेच एका बाजूला कलून उभं राहिलं. लिंबू जसंच्या तसं. लोक हसले. पाहुणे म्हणाले, "फुटलं पाहिजे हो. नाही फुटलं तर अपशकुन." समोर मोबाईल धरून दहा जण शूटिंग करत होते. रत्नदीपने पुढे होऊन विमानाच्या पाठीवर पंजा ठेवला.

"थांबा, दाबू नका," गुणाजी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. पण तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या होत्या.

रत्नदीपने दाबलं. आधी नुसतं, मग अंगाचा भार टाकून. कट्ट असा आवाज झाला आणि उजवं चाक पंखाखाली आडवं झालं. पोटाचं पिवळं आवरण फाटून आतलं पांढरं लाकूड बाहेर आलं. लिंबू घरंगळत पाहुण्यांच्या बुटापाशी गेलं. ते अजून फुटलेलं नव्हतं.

"अरेरे," रत्नदीप म्हणाला. मग हात झटकून म्हणाला, "काका, थोडं वीकच होतं हो."

नारळ फुटला, धावपट्टीचं उद्घाटन दुसऱ्याच विमानाने झालं, पेढे वाटले. गुणाजींनी आपलं विमान चादरीत गुंडाळलं आणि पेढा न घेता ते निघाले. इथवरचं त्यांनी गिळलंही असतं. चारचौघांत होतं असं कधी. पण क्लबमध्ये एक वही आहे. कुणाचंही विमान मोडलं की त्या वहीत नोंद करायची, कारणासकट. ते घरी पोचतात तोच त्या पानाचा फोटो ग्रुपवर आला. रत्नदीपच्या अक्षरात लिहिलेलं, 'विमान: घाडीगावकर. नुकसान: चाकांचा सांगाडा निखळला. कारण: बांधणी कमकुवत. पुढील तपासणीपर्यंत उड्डाणास अयोग्य.'

त्याखाली सोळा जणांनी पसंतीचे अंगठे टाकलेले. त्यातल्या अकरा जणांची विमानं गुणाजींच्या हातून दुरुस्त होऊन गेलेली होती. त्यांनी ती नावं एकेक करून मोजली.

"माजाच चुकला," विमलाबाई म्हणाल्या. घरात दोघं मालवणीतच बोलतात. "मियाच लिंबू घातलंय ताटात."

"लिंबाक कशाक दोष देतंस?" गुणाजी म्हणाले. "लिंबू आपल्या जागेर गप होता. हात कोणाचो होतो?" आणि त्यांनी कानस उचलली.

मंगळवारी ते ठाण्याला गेले. क्लबचे अध्यक्ष हरिहर टेंभी नाक्याजवळ राहतात. निवृत्त प्राध्यापक, घरात पुस्तकं, बोलणं मऊ. त्यांनी गुणाजींना आदराने बसवलं, चहा दिला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"गुणाजी, तुमच्या हाताबद्दल कुणाच्याही मनात शंका नाही," ते म्हणाले.

"मग वहीतली ती ओळ खोडायला सांगा साहेब."

"असं पाहा, ते रत्नदीपचं तांत्रिक मत आहे. मी त्यात ढवळाढवळ करणं बरं दिसणार नाही. आणि एका ओळीचं आपण किती मनाला लावून घ्यावं? तुम्ही विमान दुरुस्त करा, पुन्हा तपासणी होईल, विषय संपेल."

"तुम्ही तिथे होता ना साहेब? दाबलं ते बघितलंत ना?"

हरिहरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "गर्दी होती हो," ते म्हणाले.

पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेला माणूस म्हणतो गर्दी होती! शिकलेल्या माणसाला खोटं बोलावं लागत नाही, चष्मा पुसला की भागतं. गुणाजींनी चहा अर्धा ठेवला आणि उठले. सुशिक्षित घरात चहा अर्धा ठेवलेला कुणाच्या लक्षातही येत नाही, याचाही त्यांना राग आला.

घरी येऊन त्यांनी विमान टेबलावर उलटं ठेवलं आणि कामाला लागले. हे काम त्यांनी रागाने केलं, आणि ते त्यांचं चुकलंच. दोन चाकांना जोडणारी ॲल्युमिनियमची वाकवलेली पट्टी असते, ती पोटातल्या प्लायवूडच्या तुकड्यावर बोल्टने बसते. गुणाजींनी प्लायवूडच्या जागी लोखंडी पत्रा घातला. बाल्साच्या भिंतींना आतून जाड प्लाय ठोकला. बोल्ट घातले तेही पोलादी. म्हशीने पाय दिला तरी हलणार नाही असं ते झालं. मनात एकच होतं, आता दाब म्हणावं, बघू कसा दाबतोस.

विमलाबाईंची दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरींची गडबड चाललेली. लाडू मोजायचा इलेक्ट्रिक काटा ओट्यावर होता. गुणाजींनी त्यावर विमान ठेवून पाहिलं. पूर्वीच्या सव्वादोन किलोपेक्षा तब्बल चारशे ग्रॅम जास्त.

विमलाबाईंनी आकडा वाचला. "ह्यां इमान उडतला," त्या म्हणाल्या, "काय रस्तो दाबतला?"

गुणाजी टेबलापाशी येऊन बसले आणि बराच वेळ कानस न उचलता नुसते बसून राहिले. घरात इतकी शांतता झाली की विमलाबाईंनी दोनदा डोकावून पाहिलं. तो चारशे ग्रॅमचा आकडा गुणाजींना फार लागला. ते विमान माळावर उतरण्यासाठी दुरुस्त करत नव्हते, रत्नदीपच्या पंजासाठी करत होते. चाक जमिनीसाठी असतं, माणसाच्या पंजासाठी नाही. आणि पंजाने न मोडणारं चाक आपण बनवलं, तर पहिलं कमकुवत होतं हे आपणच कबूल केल्यासारखं होईल! हे लक्षात आलं तेव्हा त्यांना स्वतःचासुद्धा राग आला. पण हा राग आधीच्या रागापेक्षा बरा होता.

सगळं त्यांनी उपसून काढलं आणि पहिल्यापासून केलं. फाटलेलं लाकूड चौकोनी कापून टाकलं. त्याच मापाचा नवा तुकडा बसवला, रेषा जुन्या लाकडाच्या रेषांशी जुळवून, कारण उलट्या रेषांचा तुकडा पहिल्या धक्क्याला चिरतो. आतून दोन्ही भिंतींना पातळ प्लायची पट्टी लावली, पण ती पुढच्या आणि मागच्या चौकटीपर्यंत लांब नेली, म्हणजे धक्का एका जागी बसणार नाही, सगळ्या पोटात वाटला जाईल. कोपऱ्यांत तिकोनी काड्या, त्यावर काचेच्या धाग्यांचं झिरझिरीत कापड इपॉक्सी या कडक वाळणाऱ्या गोंदात भिजवून. वाकलेली ॲल्युमिनियमची पट्टी सरळ करून परत वापरता आली असती. डोळ्यांना कळलंही नसतं. पण एकदा वाकलेलं ॲल्युमिनियम आतून थकलेलं असतं, म्हणून ती त्यांनी टाकली आणि नवी कापली. तिच्या कडा मात्र घासून घासून अशा गुळगुळीत केल्या की बोट फिरवलं तर अडकू नये, कारण तडा नेहमी कडेच्या ओरखड्यापासून सुरू होतो. आणि बोल्ट घातले ते पूर्वीसारखेच नायलॉनचे. उतरताना विमान जोरात आपटलं तर हे बोल्ट तुटतात, चाकं निघून पडतात आणि विमान वाचतं. काहीतरी तुटायचंच असेल तर ते स्वस्तातलं तुटावं, हे काय कमकुवत बांधणीचं लक्षण झालं?

इपॉक्सी पूर्ण एक दिवस वाळू दिलं. काट्यावर ठेवलं तर पूर्वीपेक्षा वजन अठ्ठावीस ग्रॅमनी जास्त. विमलाबाई म्हणाल्या, "अर्ध्या लाडवाएवढा." आणि गुणाजींना बरं वाटलं.

रविवारी निघताना गुणाजींनी स्वयंपाकघरातून एक लिंबू घेतलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. विमलाबाईंनी ते पाहिलं. त्या चप्पल घालून बरोबर निघाल्या.

माळावर वीसेक लोक होते. वही निशिगंधाकडे असते. ती डोंबिवलीची, बँकेत नोकरी करते, मोजकं बोलते. रत्नदीपने काकांना पाहून हात केला, जणू काही झालंच नव्हतं. त्याने पिवळं विमान उलटं केलं, चाकं ओढून पाहिली, टिचक्या मारल्या, आत टॉर्च मारला.

"मस्त केलंय काका. आता एकदम स्ट्राँग. पास."

"आणि ती ओळ?" गुणाजींनी विचारलं.

"कुठली?"

"कारण, बांधणी कमकुवत."

रत्नदीप हसला. हसणं तसं मनमोकळंच होतं. "अहो काका, आधी वीक होतं म्हणून तर तुम्ही आता मजबूत केलंत ना? म्हणजे ते बरोबरच झालं की नाही?"

दोन-चार जणांनी माना डोलावल्या. हरिहर खुर्चीत बसून पंख्यासारखा कागद हलवत होते. ऊन ऑक्टोबरचं होतं. हे ऐकून गुणाजींच्या कानशिलांत रक्त चढलं. आठवडाभर डोळ्यांत तेल घालून जे काम केलं तेच यांनी गुन्ह्याचा कबुलीजबाब म्हणून वहीला चिकटवलं. मोडणाऱ्याने मोडायचं, जोडणाऱ्याने जोडायचं, आणि जोडलं म्हणजे आधीचं वाईट होतं! मग या न्यायाने पाच वर्षांत त्यांनी जोडलेली ही सगळ्यांची विमानं कशी होती, कमकुवतच?

इथे कानस नव्हती. गुणाजींनी दोनदा श्वास घेतला आणि रत्नदीपच्या टेबलाकडे वळले. तिथे त्याचं नवं विमान होतं. परदेशातून मागवलेलं, लढाऊ विमानासारखं करड्या रंगाचं, हवेत गेल्यावर चाकं आपोआप पोटात घेणारं. दसऱ्यालाच आलेलं.

"ह्याची पूजा झाली?" गुणाजींनी विचारलं.

"नाही, कुठे वेळ मिळाला."

"मग राहून कशाला द्यायचं?" त्यांनी विमान दोन्ही हातांनी अलगद उचललं, खाली धावपट्टीवर ठेवलं. खिशातून लिंबू काढलं. उजव्या चाकाखाली सरकवलं. करडं विमान डावीकडे कललं. गुणाजी त्याच्या बाजूला उकिडवे बसले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर आपला पंजा ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. चौतीस वर्षं लोखंड पकडायची व्हाईस आवळत आलेला पंजा होता तो.

"ओ काका! काय करताय?" रत्नदीप धावला. त्याने गुणाजींचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. "वेडे झालात का? तुटेल ना ते!"

"का? कमकुवत आहे?"

"कमकुवत काय! असं लिंबावर ठेवून वरून दाबल्यावर कुठलंही तुटेल!"

हे तो ओरडूनच बोलला. माळावर सगळ्यांनी ऐकलं. पलीकडे इंजिन तपासत बसलेल्यांनीही ऐकलं. हरिहरांच्या हातातला कागद थांबला. रत्नदीपने अजून मनगट धरून ठेवलेलं होतं, आणि आपण काय बोललो ते त्याला हळूहळू कळत गेलं. तोंड आधी लाल झालं, मग उतरलं.

गुणाजींनी पंजा काढून घेतला. लिंबू उचललं, धूळ पुसून परत खिशात ठेवलं.

"मॅडम," ते निशिगंधाला म्हणाले, "वहीत हेच लिहा. आत्ता हे साहेब बोलले तेच. एक शब्द माझा नको."

निशिगंधाने वही उघडली, मागच्या रविवारचं पान काढलं, 'बांधणी कमकुवत' या शब्दांवर पट्टी धरून सरळ रेघ मारली आणि शेजारी लिहू लागली. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं, "कारण: लिंबावर ठेवून वरून दाबल्यावर कुठलंही तुटेल." मग तिने विचारलं, "सही कुणाची घेऊ?"

"ज्यांचे शब्द त्यांची," मागून विमलाबाई म्हणाल्या. या माळावर त्या पहिल्यांदाच काही बोलत होत्या.

निशिगंधाने पेन रत्नदीपपुढे धरलं. त्याने अध्यक्षांकडे पाहिलं. हरिहरांनी या वेळी चष्मा पुसला नाही. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "करा सही. मीही करतो. मी पहिल्या रांगेत होतो."

रत्नदीपने सही केली. मग त्याने टेबलावरचा पिवळ्या विमानाचा रिमोट उचलला, क्षणभर घुटमळला आणि गुणाजींपुढे धरला. "काका, तुमची टेस्ट."

गुणाजींनी रिमोट हातात घेतला. राग अजून गेलेला नव्हता, तो इतक्यात जाणारही नव्हता. त्यांनी विमलाबाईंकडे पाहिलं, पिवळ्या विमानाचं तोंड वाऱ्याकडे केलं आणि म्हणाले, "बाजूला व्हा सगळे."